बिल्बोनं केली ती गद्दारीच ना?

उनाडवारा
रोज रात्री लेकीला टोल्किनचं 'द हॉबिट' वाचून दाखवतेय. ती दहा वर्षांची आहे. परवा एका पानावर तिनं पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि मिटून टाकलं. न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. ड्रॅगन मेलाय, डोंगरातला खजिना बुटक्यांचा म्होरक्या थोरिन आणि त्याच्या बारा बुटक्यांच्या हाती आलाय. गोष्टीचा नायक बिल्बो हा हॉबिट त्यांच्याच सोबत आलेला. ड्रॅगननं ज्यांचं गाव जाळलं ते लोक हिवाळ्याच्या तोंडावर उघड्यावर पडलेत आणि वाटा मागायला दाराशी उभे आहेत, सोबत एल्फांचं सैन्य. थोरिन म्हणतो, हत्यारं घेऊन आलात, दमडी मिळणार नाही. त्याच्या नात्यातला डेन पाचशेवर बुटके घेऊन निघालाय. आता युद्ध होणारच म्हटल्यावर बिल्बो रात्री दोरानं भिंत उतरतो आणि थोरिनचा जीव की प्राण असलेलं आर्कनस्टोन हे रत्न समोरच्यांना देऊन येतो. का, तर ते दाखवून सौदा करा.

माझ्या मते ही गद्दारीच. हेतू चांगला, मान्य. पण ते रत्न त्याला कधीच सापडलं होतं. चिंध्यांच्या गाठोड्यात गुंडाळून तो ते उशाला घेत होता, आणि तिकडे थोरिन सगळा खजिना उपसत होता! मुलांच्या पुस्तकांत नायकाला फार पटकन माफी मिळते. इथे तर जादूगार गॅंडाल्फ लगेच पाठ थोपटायला हजर.

खडूस_आजोबा
साफ असहमत. गद्दार परत येतो का हो? एल्फांचा राजा त्याला सांगत होता, इथेच राहा, सुरक्षित आहेस. हा म्हणाला, मित्रांना असं सोडून कसा जाऊ, आणि पुन्हा दोर चढून आत गेला. दुसऱ्या दिवशी थोरिननं विचारलं, रत्न तुमच्याकडे आलं कसं, तेव्हा हा गप्प बसू शकला असता. भीतीनं पाय लटपटत असताना 'मीच दिलं' म्हणाला. थोरिन त्याला भिंतीवरून खाली फेकायच्या बेतात होता. एवढं अंगावर घेणाऱ्याला तुम्ही गद्दार म्हणताय.

रात्रपाळी
आजोबा, परत का गेला याचं दुसरं कारण तुम्ही गाळलंत. पहारा बोम्बूर या बुटक्याचा होता. 'तू झोप, मी बसतो, मध्यरात्री उठवीन' असं गोड बोलून यानं तो स्वतःकडे घेतला. मध्यरात्री येऊन खरंच उठवलं. बिचारा बोम्बूर आभार मानत राहिला, आणि हा ते ऐकून न घेता कोपऱ्यात जाऊन आडवा. मला त्या अख्ख्या प्रकरणात सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. मित्राचा विश्वास त्यानं दोराइतकाच वापरला.

आणि उपयोग काय झाला? रत्नानं युद्ध टळलं नाही. डेन आला, लढाईला तोंड फुटणार तेवढ्यात गॉब्लिन आणि लांडगे चालून आले म्हणून माणसं, एल्फ आणि बुटके हे तिघे एका बाजूला झाले.

अर्धवट_पंडित
आपल्याकडे याचं उत्तर कधीच देऊन झालंय. कृष्णानं जन्माचं रहस्य सांगितलं, राज्य देऊ केलं, तरी कर्ण हलला नाही. दुर्योधन चुकतोय हे त्याला कळत नव्हतं थोडंच? मैत्री म्हणजे ती. उनाडवाराताईंशी सहमत.

चहाटळ
पंडित, कर्णाचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. त्याच कर्णानं कुंतीला शब्द दिला की अर्जुन सोडून बाकी चौघांना मारणार नाही. दुर्योधनाला विचारून दिला का? भीम आणि युधिष्ठिर तावडीत सापडले असताना त्यानं सोडून दिले. ज्याच्यासाठी लढतोय त्याला अंधारात ठेवून शत्रूच्या आईशी करार! मग बिल्बोच तेवढा गद्दार कसा?

आणि उघडपणे बाजू बदलणारा युयुत्सू होताच की. युद्धाच्या तोंडावर युधिष्ठिरानं हाक दिली आणि धृतराष्ट्राचा हा मुलगा सगळ्यांदेखत पलीकडे गेला. लपवाछपवी नाही. पण त्याच्यावर कादंबऱ्या निघत नाहीत. भर सभेत द्रौपदीची बाजू घेऊनही शेवटी भावांसाठी लढून मेलेला विकर्णही कुणाला आठवत नाही. आपल्याला फक्त कर्ण आवडतो.

अर्धवट_पंडित
कुंतीचा मुद्दा बिनतोड. तरी कर्ण तो कर्णच. :)

खडूस_आजोबा
अवांतर, पण थोडंसंच. टोल्किन 1916 मध्ये, पहिल्या महायुद्धात, सोमच्या लढाईत होते. शाळेपासूनचे दोन जिवलग मित्र त्याच वर्षी गेले. हे पुस्तक 1937 चं. खंदकातून परतलेल्या माणसाला 'मित्र हट्टानं मरायला निघाला तर त्याच्याबरोबर मरावं की त्याच्या मनाविरुद्ध त्याला वाचवावं' हा पुस्तकी प्रश्न वाटला नसणार, एवढंच म्हणतो.

रात्रपाळी
वाचवलं कुठे? थोरिन मेलाच. त्याचे भाचे फिली आणि किली पण.

उनाडवारा
काल पुस्तक संपवलं. थोरिन मरताना दरवाजापाशी बिल्बोला बोललेलं सगळं मागे घेतो, तिथे माझाच आवाज बसला. बिल्बो मात्र माफी मागत नाही. बाहेर येतो, घोंगडी पांघरून एकटाच बसतो, घसा बसेपर्यंत रडतो. आणि मग स्वतःलाच सुनावतो की रत्नाच्या बाबतीत तू मोठा घोळ घातलास. हे वाक्य मी साफ विसरले होते. तेव्हा 'पटकन माफी' हे माझं म्हणणं मागे. गॅंडाल्फनं माफ केलं असेल, बिल्बोनं स्वतःला इतक्या सहज नाही केलं.

गद्दारी हा शब्द मात्र मागे घेत नाही. लेकीचं म्हणणं, देऊन टाकायचं होतं तर थोरिनला तोंडावर सांगून द्यायचं. मी म्हटलं, मग त्यानं देऊ दिलं असतं का? बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तो दोरावाला भाग परत वाच." आज रात्री तोच वाचायचाय.