अ‍ॅमस्टरडॅम: २४ जणांना दे वालनमधून नेता येईल का?

तुकोगंज: इंदूरहून मंडळाचा २४ जणांचा ग्रुप निघतोय, बहुतेक साठीच्या पुढचे. अ‍ॅमस्टरडॅममध्ये एक संध्याकाळ मोकळी आहे. निम्म्यांना दे वालन, म्हणजे तिथला रेड लाइट भाग, बघायचाय. निम्मे नाक मुरडताहेत. बस डाम चौकात थांबवून, पुढे झेंडा धरून तासाभराची चक्कर मारता येईल का?

राजवाडा_कट्टा: भिया, झेंडा बॅगेतच ठेवा. तिथे वेश्या रस्त्यालगतच्या खिडक्यांत बसतात; त्या खिडक्यांसमोरून गाइडसह टूर न्यायला २०२० पासून बंदी आहे, मग ती फुकट असो वा पैसे घेऊन. गल्ल्या आधीच चिंचोळ्या. त्यात घोळका थांबला की राहणाऱ्यांची वाट अडते आणि खिडकीतल्या बाईचं गिऱ्हाईक बिचकतं. मध्यवर्ती भागात इतरत्रही एका गाइडमागे १५ जणांचीच मुभा.

बसचंही जमणार नाही. साडेसात टनांवरच्या बसना जानेवारी २०२४ पासून एस१०० या मध्यवर्ती भागाभोवतीच्या रस्त्याच्या आत प्रवेश नाही. बाहेर उतरून ५१, ५३ किंवा ५४ नंबरच्या मेट्रोने न्यूमार्क्ट स्टेशन गाठा. प्रत्येकाचं कार्ड वेगळं लागतं, नवरा-बायकोला एकच चालत नाही. बाहेर पडताना पुन्हा टॅप करायला विसरलं की जास्तीचे पैसे कापले जातात, आणि ज्येष्ठ मंडळी नेमकी तेच विसरतात.

मालवीयनगर_ताई: नाक मुरडणाऱ्यांना दिवसा न्या. शहराचा सर्वांत जुना भाग हाच. १३०६ मध्ये अभिषेक झालेलं आउदे केर्क हे चर्च या वस्तीच्या मधोमध आहे; चित्रकार रेम्ब्राँची बायको सास्किया तिथेच पुरलेली आहे. जवळच १६६३ चं, घराच्या माळ्यावर बांधलेलं चर्च आहे. तेव्हा कॅथलिकांना उघड प्रार्थनेला मनाई होती, म्हणून हा खटाटोप. माझ्या मते खिडक्यांपेक्षा हेच बघण्यासारखं, पण जिने उभे आणि अरुंद. गुडघे दुखणाऱ्यांना खालीच बसवा.

तुकोगंज: आणि ज्यांना संध्याकाळीच जायचंय ते? बायकांनी गेलं तर कुणी हटकतं का?

राजवाडा_कट्टा: नाही, सार्वजनिक रस्ता आहे. दोघं-तिघं मिळून, गाइडशिवाय जा. शुक्रवार-शनिवारची रात्र टाळा, आपल्या इंदूरच्या सराफा बाजारासारखी दाटी होते आणि खिसेकापूंचं फावतं. खिडकीकडे फोन रोखायचा नाही, व्हिडिओ कॉलसुद्धा नाही. सेल्फीत मागे खिडकी आली तरी वाद होतो. रस्त्यावर गांजा ओढायला मे २०२३ पासून बंदी आहे, दंड १०० युरो. पुलावर कुणी कुजबुजत कोकेन विकायला आलं तर थांबूच नका. २०१४ मध्ये कोकेन म्हणून पांढरं हेरॉइन विकलं गेलं आणि पर्यटक दगावले.

मालवीयनगर_ताई: माहिती सांगायची ती हॉटेलातच सांगून टाका: कुंटणखान्यांवरची १९११ ची बंदी ऑक्टोबर २००० मध्ये उठली, त्या शहरात या कामासाठी किमान वय २१ आहे, आणि एप्रिल २०२३ पासून खिडक्या सकाळी सहाऐवजी रात्री तीनला बंद होतात. गल्लीत उभं राहून सांगितलंत की तीच टूर झाली.

परत भेटायची जागा डाम नको, तिथे गर्दीत माणूस सापडत नाही. न्यूमार्क्टवर दे वाग नावाची १४८८ ची जुनी वेस आहे, बुरुजांमुळे लांबून ओळखू येते. मेट्रोही तिथेच.