'थ्रेशोल्ड'ला उंबरठा म्हणावं का?

माजघर: चराऊ रानांवरच्या लेखाचं मराठी करतेय, 'इकॉलॉजिकल थ्रेशोल्ड'पाशी अडले. मी 'उंबरठा' लिहिलं, तपासणाऱ्यांनी खोडून 'मर्यादा' केलं. मुद्दा असा: अमेरिकेच्या नैर्ऋत्येला अतिचराईने गवत विरळ झालं, पाणी मातीसकट वाहून जायला लागलं, मेस्किट (आपल्या वेड्या बाभळीचं भावंड) माजलं. पुढे गुरं काढून घेतली तरी गवत परतलं नाही. म्हणून गुरं कमी करायची ती त्या टप्प्याच्या आधी.

सड्यावरचा: मर्यादा नकोच. मर्यादा ओलांडली तर दोन गुरं विकून मागे येता येतं. पण उंबरठाही पटत नाही, त्यावरून माणूस दिवसातून वीसदा आत-बाहेर करतो. आमच्या राजापूरकडच्या वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीत रानमोडीचं तण शिरलं. वाडीत आता गुरंच उरली नाहीत, तरी गवत आलं का? विळा घेऊन जायची पायवाटसुद्धा बुजली.

विरजण: मग 'नासणं' म्हणा. दूध फाटल्यावर चूल विझवून काय उपयोग?

सड्यावरचा: फाटलेलं दूध आम्ही साखर घालून खातो.

ऱ्हस्वदीर्घ: थट्टा पुरे. मूळ मांडणीच 'अवस्था आणि संक्रमण' अशी आहे, म्हणजे रान एका अवस्थेतून दुसरीत जातं (वेस्टोबी, वॉकर, नॉय-मेइर या अभ्यासकांचा १९८९चा लेख). त्यावरून 'संक्रमणसीमा' करा. पीकविम्यातलं 'उंबरठा उत्पन्न' (थ्रेशोल्ड यील्ड) ऐकलं की आधीच अंगावर काटा येतो.

विरजण: संक्रमणसीमा! गुराखी म्हणेल, तिळगूळ कधी? आणि फवारणीच्या सल्ल्यात थ्रेशोल्डला 'आर्थिक नुकसानीची पातळी' म्हणतात, ते चालतं वाटतं?

ऱ्हस्वदीर्घ: लेख गुराखी वाचणार आहे का?

माजघर: वाडीच्या बैठकीतच वाचून दाखवायचाय.

काजूबोंड: उंबरठा उंबराच्या लाकडाचा करत, म्हणून उंबरठा, असं म्हणतात. संस्कृतातही 'उदुंबर'चा एक अर्थ उंबरठाच.

सड्यावरचा: उंबराचं लाकूड टिकतं किती? आमचा उंबरा फणसाचा. त्यावर टेकलं की आजी ओरडायची, "उंबऱ्यार बसू नको!"

काजूबोंड: फणसाचा असून म्हणता उंबराच ना?

माजघर: अहो, माझा शब्द? शिवाय 'रेंजलँड'ला मी कुरण लिहून बसलेय.

सड्यावरचा: कुरण म्हणजे राखलेलं गवत. तुमचं ते मोकळं, म्हणजे गायरान.

विरजण: गायरान सरकारी कागदावर. आमच्याकडे त्याला सडाच म्हणतात.

काजूबोंड: सडा की माळ? आमच्याकडे कातळ असेल तरच सडा.