युरोपातल्या वाचकांना विकली जाणारी मराठी ई-पुस्तकं: ॲक्सेसिबिलिटीच्या कायद्यासाठी नेमकं काय करायचं?

निळीशाई (प्रश्न)

छोटी प्रकाशन संस्था आहे, एकूण सहा माणसं. आमची ई-पुस्तकं वितरकामार्फत जर्मनी आणि आयर्लंडमधल्या मराठी वाचकांनाही विकली जातात. युरोपात २८ जून २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याचा हवाला देऊन वितरकाने प्रत्येक पुस्तकाची ॲक्सेसिबिलिटीची (अपंग वाचकांनाही ते वाचता येतं का, याची) माहिती मागितली आहे. नवी पुस्तकं इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये, युनिकोडमध्ये होतात. जुनी सगळी श्री-लिपी या युनिकोडपूर्व फाँटमधली, त्यांच्या पीडीएफ आहेत आणि काहींचे त्यावरूनच काढलेले ईपब (ई-पुस्तकाच्या फाइली).

१) आमच्याएवढ्या संस्थेला हा कायदा लागू होतो का? २) पीडीएफ चालेल का? ३) जुन्या ईपबपैकी काही 'एस बाय डेझी' या ॲक्सेसिबिलिटी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तपासले, गंभीर चूक एकही आली नाही. म्हणजे ते पास समजायचे का?

कलम_चौदा

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. हा युरोपीय संघाचा निर्देश २०१९/८८२. त्यात ई-पुस्तक ही 'सेवा' धरली आहे. दहापेक्षा कमी माणसं आणि वार्षिक उलाढाल किंवा ताळेबंद २० लाख युरोंच्या आत असेल, तर सेवा देणाऱ्या सूक्ष्म उद्योगाला सूट आहे. तुम्ही सहाच जण आहात, उलाढाल किंवा ताळेबंदही त्या आत असेल तर तुम्ही त्यात बसता. ऑनिक्सच्या (पुस्तकांची माहिती दुकानांना कळवायच्या ठरलेल्या नमुन्याच्या) १९६ क्रमांकाच्या कोड-यादीत त्यासाठी ७५ हा कोड आहे, तो वितरकाला कळवा.

पण त्यावर विसंबून राहू नका. सूट तुम्हाला आहे, ज्या दुकानातून पुस्तक विकलं जातं त्याला नाही. जर्मनीच्या कायद्यात दंड १ लाख युरोंपर्यंत जाऊ शकतो, तेव्हा दुकानदार माहिती नसलेली फाइल कशाला ठेवून घेईल?

मोठ्या संस्थांसाठी वेगळी सवलत आहे, 'अवाजवी भार' नावाची, म्हणजे सुलभ करण्याचा खर्च न पेलणारा असेल तर; कोड ७६. तिचा हिशेब लेखी मांडून पाच वर्षं जपून ठेवावा लागतो. 'वेळ नव्हता' किंवा 'माहीत नव्हतं' ही कारणं त्यात चालत नाहीत. ॲक्सेसिबिलिटीसाठी बाहेरून अनुदान घेतलं असेल तर भाराचं कारण पुढे करताच येत नाही.

रफार

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. मराठीत सगळ्यात मोठा खड्डा इथेच आहे.

श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये फाइलच्या आत देवनागरी नसतेच. आत रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात, फाँट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. 'एस'ला शीर्षकं दिसतात, अनुक्रमणिका दिसते, चित्रांना वर्णन दिसतं, तो हिरवा कंदील देतो. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर) मात्र आतली रोमन अक्षरं वाचतो, म्हणजे पहिल्या ओळीपासून बडबड. डोळस वाचकानेही ॲपमध्ये फाँट बदलला की तीच बडबड दिसते. चाचणी सोपी आहे: एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. मराठी दिसली नाही तर पुढचं काही करण्यात अर्थ नाही, आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा.

रूपांतरानंतर माणसाने मुद्रितशोधन करायलाच हवं. कन्व्हर्टर ठरावीक ठिकाणी घसरतात:

– 'ऱ्य'चा 'र्य' होतो. 'दऱ्या'चा 'दर्या' झाला तर शब्दकोश तपासणीला चूक सापडणार नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. आचाऱ्याचा आचार्य होतो तो असाच.
– विसर्गाच्या जागी अपूर्णविराम येतो: 'स्वत:'. डोळ्याला फरक कळत नाही, पण शोधात शब्द सापडत नाही आणि वाचनयंत्र मध्येच थांबतं.
– ऱ्हस्व वेलांटी आणि रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात.

पीडीएफला कायद्यात नाव घेऊन बंदी नाही. पण मजकूर पडद्याच्या रुंदीनुसार वाहायला हवा, वाचकाला अक्षराचा आकार आणि रंग बदलता यायला हवा, आणि हे पीडीएफमध्ये धड जमत नाही. शिवाय युनिकोड फाँटमधूनही काढलेल्या पीडीएफमध्ये जोडाक्षरं आणि वेलांट्यांचा क्रम आत बऱ्याचदा विस्कटतो. विक्रीसाठी रीफ्लोएबल, म्हणजे असा वाहता मजकूर असलेलं, ईपब ३ च ठेवा. फिक्स्ड लेआउट (पानाची मांडणी पक्की) फक्त चित्रमय बालपुस्तकांसाठी, तोही नाइलाज म्हणून.

इनडिझाइनमध्ये: प्रत्येक शीर्षकाला पॅराग्राफ स्टाइल लावा आणि तिच्या एक्स्पोर्ट टॅगिंगमध्ये एच१, एच२ नेमून द्या. नुसतं ठळक केलेलं शीर्षक यंत्रासाठी साधा परिच्छेदच राहतं. चौकटी आणि चित्रांचा क्रम आर्टिकल्स पॅनेलमध्ये लावा, नाहीतर चौकट भलत्याच प्रकरणाच्या शेवटी जाऊन पडते. ड्रॉप कॅप (परिच्छेदाचं मोठं केलेलं पहिलं अक्षर) काढून टाका: 'प्राचीन'मधला फक्त 'प' वेगळ्या टॅगमध्ये गेला तर जोडाक्षर फुटतं आणि उच्चारही. शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून अक्षरांमध्ये स्पेस मारायची सवय असेल तर तीही सोडा, कारण 'म हा रा ष्ट्र' यंत्र सुटं सुटं वाचतं.

एक्स्पोर्ट झाल्यावर ईपब उघडून भाषा बघा. पॅकेज फाइलमध्ये (ईपबच्या आतली, पुस्तकाची माहिती असलेली फाइल) आणि प्रत्येक प्रकरणाच्या एचटीएमएल टॅगमध्ये भाषेचा कोड मराठीचा, म्हणजे 'एमआर', हवा. बरेचदा तिथे इंग्रजीचा 'ईएन' राहून जातो, आणि मग इंग्रजी आवाज देवनागरी गाळून पुढे जातो किंवा गप्प बसतो. मजकुरात रोमन लिपीतली वाक्यं असतील तर तेवढ्यांनाच 'ईएन' द्या.

ऐकून_वाचणारा

चित्रांच्या वर्णनाबद्दल थोडं. 'आकृती ३' हे वर्णन नव्हे, तसंच 'छायाचित्र' म्हणून सुरुवातही नको, कारण हे चित्र आहे ते यंत्र आधीच सांगतं. नकाशा असेल तर तो त्या जागी का दिला आहे ते लिहा: 'पुण्याहून रायगडाकडे जाणारी वाट, वरंधा घाटातून.' प्रकरणाखालच्या वेलबुट्टीला वर्णन रिकामं ठेवा. रिकामं म्हणजे ऑल्टचा (वर्णन ज्यात लिहितात तो) गुणधर्म हवा, पण आत काही नको. गुणधर्मच काढून टाकला तर काही यंत्रं फाइलचं नाव वाचतात, आणि 'आयएमजी शून्य शून्य चार डॉट जेपीजी' दर पानाला ऐकणं ही शिक्षा आहे.

तपासायला थोरियम रीडर हे ईपब वाचायचं ॲप आणि एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, दोन्ही फुकट आहेत. एनव्हीडीएबरोबर येणाऱ्या ईस्पीक या आवाजात मराठी आहे. आवाज खरखरीत आहे, पण चुका पकडायला उत्तम. मॉनिटर बंद करून अनुक्रमणिकेतून पाचव्या प्रकरणावर जा, तिथून तळटीप उघडा आणि परत मजकुरात या. परतीचा दुवा नसणं हा मराठी ईपबमधला अगदी नेहमीचा दोष आहे.

निळीशाई

आभार. आणखी दोन शंका. फाइल सुगम्य पुस्तकालयाला (अपंग वाचकांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयाला) दिली तर भागणार नाही का? आणि मेटाडेटात (फाइलमधल्या पुस्तकाविषयीच्या माहितीत) नेमकं काय भरायचं?

कलम_चौदा

सुगम्यला जरूर द्या, पण ती वेगळी व्यवस्था आहे. २०१२ च्या दुरुस्तीने भारताच्या कॉपीराइट कायद्यात आलेल्या कलम ५२(१)(झेडबी) मुळे अपंग वाचकांसाठी सुलभ प्रत करायला परवानगी लागत नाही. अशाच प्रतींसाठीचा आंतरराष्ट्रीय मर्राकेश करार मान्य करणारा भारत हा पहिला देश, २०१४ मध्ये. युरोपच्या निर्देशाला मात्र दुकानात सगळ्यांना मिळणारी प्रतच सुलभ हवी आहे.

भारतातही वारं त्याच दिशेने आहे. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अपंग हक्क नियमांतला १५ वा नियम नुसता शिफारशीवजा म्हणून मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि सरकारला सक्तीचे निकष करायला सांगितलं.

रफार

मेटाडेटा पॅकेज फाइलमध्ये जातो. ॲक्सेसमोड (मजकूर कशा रूपात आहे): टेक्स्च्युअल, चित्रं असतील तर व्हिज्युअलही. ॲक्सेसमोड-सफिशंट (पुस्तक समजायला कोणतं रूप पुरेसं आहे): टेक्स्च्युअल, पण प्रत्येक अर्थपूर्ण चित्राला वर्णन असेल तरच. फीचरमध्ये, म्हणजे सोयींच्या नोंदीत, जे खरोखर केलंय तेवढंच. हॅझर्ड (लुकलुकणारी चित्रं वगैरे धोका) नसेल तर: नन. हे सगळं फाइलमध्ये रोमन लिपीतच आणि कॅपिटल-स्मॉल अक्षरं काटेकोर पाळून लिहायचं, नाहीतर दुकानाची यंत्रणा ते ओळखत नाही.

'डब्ल्यूसीएजी २.१, डबल-ए' या ॲक्सेसिबिलिटीच्या निकषांची पूर्तता केल्याचं विधान घाईने चिकटवू नका. कन्व्हर्टरमधून काढून नीट न वाचलेल्या पुस्तकाला तर नाहीच. सूट आहे म्हणून ७५ कोड लावलेल्या पुस्तकातही केलेल्या सुधारणा फीचरमध्ये नोंदवता येतात, तेवढं आत्ता करा. आणि डीआरएम (नक्कल रोखणारं डिजिटल कुलूप) लावत असाल तर वितरकाला विचारून घ्या की ते स्क्रीन रीडरला अडवत नाही ना. तिथे अडलं तर आतली सगळी मेहनत कुलपात जाते.