मदत हवी आहे: बाबांना व्हीलचेअरवरून, कुणीही न उचलता, रेल्वेने कसं न्यायचं?

नमस्कार. सहा महिन्यांपूर्वी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीला न्यावं लागतं. मोटारीत बसवता-उतरवताना त्यांचा डावा खांदा फार दुखतो. रेल्वेत खुर्चीसकट जाता येईल, म्हणून गेल्या आठवड्यात पहिल्यांदा तसं नेलं.

निघण्याआधी चौकशी केली होती. उतरायच्या स्टेशनात लिफ्ट आहे असं कळलं. लिफ्ट होती, चालूही होती, पण ती फलाटावरून पुलापर्यंतच नेते. पुलावरून रस्त्याकडे जाताना तीन पायऱ्या लागतात, हे कुणी सांगितलंच नाही. आम्ही तिथे थांबलेलो पाहून चौघे जण धावत आले. काही विचारायच्या आत एकाने हात टेकायची बाजू धरून खुर्ची उचलली. ती बाजू काढता-घालता येणारी आहे. ती खटकन निघून त्याच्या हातात आली आणि बाबा डावीकडे कलंडले. मी धरलं म्हणून पडले नाहीत. त्या माणसांचा हेतू चांगलाच होता. पण बाबा घरी येईपर्यंत गप्प होते. रात्री म्हणाले, "न्यायचं तर ढकलत ने. सामानासारखं उचलून नको."

दुसरी भीती फटीची. गाडीत चढताना पुढचं छोटं चाक फलाट आणि डब्याच्या मधे गेलं. दार बंद व्हायच्या आत कसंबसं मागे ओढलं. ही फट सुरक्षितपणे कशी ओलांडायची? आणि दुकानदार म्हणतो, तीन फुटांचा घडीचा रॅम्प तिन्ही पायऱ्यांना पुरेल. घ्यावा का? पायरी साधारण १५ सेंटीमीटर उंच आहे.

प्रतिसाद १

ताई, मी स्वतः अकरा वर्षं व्हीलचेअरवर आहे. आधी रॅम्पचं सांगतो: घेऊ नका. सुरक्षित उतार १ ला १२ धरतात, म्हणजे १ सेंटीमीटर उंचीला १२ सेंटीमीटर लांबी. तुमच्या तीन पायऱ्या ४५ सेंटीमीटर, म्हणजे ५ मीटर ४० सेंटीमीटर लांब रॅम्प हवा. तीन फुटांच्या रॅम्पवरून खुर्ची मागे उलटेल.

फटीचं कारण पुढची चाकं. ती लहान असतात आणि सरळ फटीत बसतात. मागची मोठी चाकं तीच फट सहज ओलांडतात. चढताना तोंड गाडीकडे ठेवा. खुर्चीच्या मागे खाली एक दांडी असते, तिच्यावर पाय दाबून पुढची चाकं उचला, थेट डब्यात टेकवा, मग मागची चाकं फलाटाच्या कडेपर्यंत आणून आत ढकला. उतरताना उलटं, पाठ फलाटाकडे करून मोठी चाकं आधी. कमरेचा पट्टा लावलेला हवाच. आधी रिकाम्या खुर्चीने घराच्या उंबऱ्यावर सराव करा, मग बाबांना बसवून.

फट सगळ्या दारांशी सारखी नसते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. फलाट वळणावर असेल तर सरळ डबा त्याला सगळीकडे सारखा लागत नाही. फलाट वळणाच्या आतल्या बाजूला असेल तर डब्याचं मधलं दार जवळ येतं, बाहेरच्या बाजूला असेल तर टोकाकडची दारं. एकदा एकट्या जाऊन बघून या. आणि स्टेशनात रॅम्प टाकायची सोय असेल तर ती आधी सांगून ठेवा.

त्या तीन पायऱ्यांसाठी फोटो काढून, उंची मोजून लेखी तक्रार द्या. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ सालच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कराराचं कलम ९ वाहतुकीतल्या सोयींबद्दलही आहे, त्याचा उल्लेख करा. तोवर एक मार्ग: पुढच्या स्टेशनात रस्त्यापर्यंत पायरी नसेल तर तिथे उतरा आणि उरलेलं अंतर खुर्चीनेच जा. मी वर्षानुवर्षं तेच करतो. एका पायरीपेक्षा एक किलोमीटर परवडतो.

प्रतिसाद २

उचलायला कुणी आलंच तर आधी मोठ्याने सांगा: "थांबा, खालची पक्की चौकट धरा." हाताच्या बाजू आणि पाय टेकायच्या पट्ट्या निघतात, तिथे धरू द्यायचं नाही. लिफ्ट लहान असेल आणि आत खुर्ची वळत नसेल, तर मागच्या भिंतीवरच्या आरशात बघत उलटं बाहेर या. आरसा त्यासाठीच असतो.

मूळ प्रश्नकर्ती

दादा, तुम्हा दोघांचे मनापासून आभार. रॅम्प घेतला नाही. आज एकटी जाऊन आले. आमचा फलाट वळणावरच आहे, आतल्या बाजूला. मधल्या दाराशी फट चार बोटं, टोकाला वीतभर! आम्ही त्या दिवशी टोकाच्या दारातून चढलो होतो. पुढच्या स्टेशनात लिफ्ट रस्त्यापर्यंत जाते. दार ८० सेंटीमीटर, आमची खुर्ची ६६. तिथून दवाखाना खुर्चीने पंचवीस मिनिटं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "उद्यापासून उंबऱ्यावर सराव करू."

आता एकच विचारायचं आहे: पुढची चाकं उचलल्यावर बाबा घाबरून डाव्या बाजूला झुकतात. छातीलाही पट्टा लावावा का?