टॅम्पेरेसारखी ट्राम आपल्या इंदूरच्या एबी रोडवर का नको?

रामबागकर
नमस्कार मंडळी. मुलाकडे फिनलंडला दोन महिने राहून आलो. टॅम्पेरे म्हणून गाव आहे, वस्ती अडीच लाखाच्या वर थोडीशी. 2011 च्या जनगणनेत आपण जवळजवळ 20 लाख होतो, म्हणजे आपल्यापुढे खेडंच म्हणा ना, आणि त्या खेड्यात ट्राम! 2021 च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली, लालभडक, 37 मीटर लांब. आमच्या सौ.चे गुडघे दुखतात, सिटीबसमध्ये चढताना मागून टेकू द्यावा लागतो. तिथे स्टॉपचा ओटा आणि डब्याची जमीन एकाच लेव्हलला, बाई सरळ चालत आत गेली, मी पुढे केलेला हात तसाच राहिला. बाहेर बर्फाचे ढीग आणि गाडी वेळेवर.

तर विचारायचं हे की एबी रोडवर बीआरटीएसची, म्हणजे बसच्या वेगळ्या लेनची, जागा मोकळी होतेय, तिथे हे का नको? मेट्रोपेक्षा स्वस्त नाही पडणार? आणि ते लोक सस्टेनेबल सस्टेनेबल म्हणतात म्हणजे नेमकं काय, वीज तर कुठूनतरी आणावीच लागते ना?

पटरीवाला
काका, मी मूळचा इंदूरचाच, सध्या टॅम्पेरेतच रुळांच्या कामावर आहे. खरं सांगू का, रूळ टाकणं हे त्यातलं सोपं काम. त्याआधी रस्त्याखालचं पाणी, ड्रेनेज, केबल सगळं बाजूला सरकवावं लागतं, कारण एकदा रूळ बसले की पाइप फुटला म्हणून रस्ता खोदता येत नाही, गाडीच बंद पडते. टॅम्पेरेत 2017 ला काम सुरू झालं, गाडी 2021 ला धावली, त्यातला किती वेळ जमिनीखाली गेला असेल बघा. आणि तिथे शहर, डिझाइनवाले, ठेकेदार सगळे एकाच करारात, त्याला अलायन्स म्हणतात, पैसा वाचला तर सगळ्यांचा फायदा, वाढला तर सगळ्यांच्या खिशाला कात्री. त्यामुळे हे त्याचं काम ते याचं काम करत फाइल फिरवण्यात कोणाचाच फायदा नसतो.

थंडीत ओली जमीन गोठून फुगते आणि रूळ वर उचलले जातात, म्हणून खाली खडीचा चांगला जाड थर लागतो. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाते त्या सांध्याला हीटर, चाकाखाली घसरू नये म्हणून वाळू.

सस्टेनेबलचं म्हणाल तर लोखंडी चाक लोखंडी रुळावर रबरी टायरपेक्षा खूप कमी ताकदीत चालतं, ब्रेक मारला की वीज तारेत परत जाते, टायर झिजून धूळ उडत नाही. पण बांधताना सिमेंट आणि स्टीलचा धूर झालेलाच असतो, तो वसूल व्हायला गाडी भरून धावली पाहिजे. म्हणून लाइनच्या टोकाला हेर्वांताजार्वीला ते नवी वस्तीच वसवतायत. रिकामी ट्राम काही कामाची नाही.

गीताभवन_चौक
भिया, जागा मोकळी कुठेय? साडेअकरा किलोमीटरची बीआरटीएस 2013 ला आली, 2025 च्या फेब्रुवारीत हायकोर्टानं काढायला सांगितली. मी रोज आयबसनं भंवरकुआहून विजयनगरला जायचो, पलासियाच्या सिग्नलला बाजूचे कारवाले खाऊ की गिळू बघायचे कारण आपली लेन मोकळी आणि ते अडकलेले. ट्रामला नेमकी तीच वेगळी लेन लागते, दुसरं काय? बसची लेन झेपली नाही, रूळ झेपणार? कोणी दोन मिनिटं म्हणून रुळावर बाइक लावून पोहे-जलेबी खायला गेला तर मागे 37 मीटरचं धूड उभं, त्याला कडेनं काढता पण येत नाही 😄

पटरीवाला
बरोबर. टॅम्पेरेत मेन रस्ता हामेनकातू, त्याच्या मधल्या भागातून आधी खाजगी कार काढल्या, मग रूळ टाकले. काका, तुम्ही तिथे चालला असाल.

रामबागकर
चाललोय की! तरीच म्हटलं एवढ्या बाजारात हॉर्न का नाही, मला वाटलं थंडीमुळे लोक घरात बसलेत.

दादर_आजोळ
माझ्या आईच्या तोंडी अजून मुंबईची ट्राम असते. शेवटची 31 मार्च 1964 ला बोरीबंदरहून दादरला गेली. नॉर्वेच्या बर्गननं पण पुढच्याच वर्षी, 1965 ला बंद केली होती, पण 2010 ला पुन्हा सुरू केली, आणि पैसा बराचसा कारवाल्यांच्या टोलमधून काढला. तिथे प्रत्येक स्टॉपची वेगळी धून वाजते, पाटी न वाचता कळतं कुठे आलो. आपण मात्र ट्राम म्हटलं की कलकत्ता आणि जुने फोटो.

पटरीवाला
आणि मेट्रोशी तुलना नको काका. ट्राम बस आणि मेट्रोच्या मधली, स्वस्त पडते पण मेट्रोएवढी माणसं नाही नेऊ शकत. आपली मेट्रो 31 मे 2025 ला सुपर कॉरिडॉरवर सुरू झाली, स्टेशनापासून घरापर्यंत न्यायला दुसरं काहीतरी लागणारच, तिथे ट्रामचा विचार होऊ शकतो.

गीताभवन_चौक
मग आधी राजवाड्यासमोर कार बंद करून दाखवा, आठवडाभर. तेवढं जमलं तर खोदायला मी येतो.

रामबागकर
तिथे माझ्या साडूचं दुकान आहे हो, तो आधी मलाच खोदेल.