मदत हवी आहे: मंत्राचा गोळा चुकवायचा की हवेतच फोडायचा?

नमस्कार मंडळी, एक फँटसी कथा लिहितेय, सहा भाग टाकून झालेत आणि सातव्यात गाडं अडलंय. नायिका रेवा मंत्र म्हणून बाण सोडते, समोरचा मांत्रिक आगीचे गोळे फेकतो. मी आपलं पहिल्यापासून प्रत्येक गोळा तिला हवेतच फोडायला लावलाय, वाचायला भारी वाटतं म्हणून. परवा धाकट्या भावाला दाखवलं तर म्हणे, "ताई, बाउन्सर आला की खाली वाकायचं सोडून ही दर वेळी हूक का मारतेय?" आता काय बोलणार, बरोबरच आहे त्याचं.

मग हिशोब करत बसले. साधा बाण सेकंदाला साधारण 50 मीटर जातो, गोळा तेवढाच पळतो असं धरलं तर 30 मीटरवरून यायला 0.6 सेकंद. त्यातला पाव सेकंद तर दिसून अंग हलेपर्यंतच जातो, उरलेल्यात माणूस हातभर बाजूला होऊ शकतो. पण 10 मीटरवर सगळे मिळून 0.2 सेकंद, तिथे चुकवणं विसरा, आणि फोडणं तर त्याहून विसरा कारण नेम धरून मंत्र पुटपुटेपर्यंत हिची चटणी झालेली असणार. म्हणजे फोडायचंच तर मांत्रिक हात उचलतो तेव्हाच रेवाने ओळखायला हवं, बॅट्समन बॉल सुटायच्या आधी बॉलरचं मनगट बघतो तसं.

महाभारत काढलं तर तिथे हे लई भारी हाताळलंय. आग्नेयास्त्राला वारुणास्त्र, हे झालं सरळ फोडणं. पण कर्णाचा नागबाण अर्जुनाने अडवलाच नाही, कृष्णाने रथ जमिनीत दाबला आणि बाण किरीट घेऊन गेला. नारायणास्त्राशी लढलं की ते आणखी चेकाळतं, शस्त्र टाकून रथातून उतरायचं एवढाच उपाय, आणि भीम ऐकेना म्हणून त्याला ओढून खाली काढावं लागलं (टिपिकल भीम). अश्वत्थाम्याच्या ब्रह्मास्त्रावर अर्जुनाने ब्रह्मास्त्र सोडलं तेव्हा तर नारद आणि व्यास मध्ये येऊन उभे राहिले, नाहीतर दोन्ही मिळून सगळंच जाळलं असतं. थोडक्यात अडवायचीही किंमत पडते, आणि माझी रेवा सगळं फुकटात करतेय, घोळ तिथेच आहे.

आता सीन असा: अरुंद दगडी जिना, मागच्या पायरीवर तिचे म्हातारे गुरुजी, ही सरकली की गोळा थेट त्यांच्या छातीवर. फोडण्याशिवाय पर्याय नाही, हे ठीक. पण हीच आयडिया पाचव्या भागात वापरून झालीय (तेव्हा मागे गाय होती, हसू नका). मग किंमत काय लावू? निखारे दोघांच्या अंगावर पडावेत, की दर गोळा फोडताना तिचा आवाज बसत जावा? मला दुसरं आवडलंय, पण आधीच्या भागांत तिने अकरा गोळे फोडलेत आणि घसा एकदाही बसला नाहीये, भाग टाकून झाल्यामुळे बदलताही येत नाहीत. हे कसं निस्तरू? आणि आवाज गेल्यावर शेवटचा बाण ती सोडणार कशी?