अकाउंट्स आणि ऑडिटची उन्हाळी इंटर्नशिप: तुमचे अनुभव लिहा

मागच्या आठवड्यात माझी दोन महिन्यांची ऑडिटची इंटर्नशिप संपली, डोक्यात अजून तेच चालू आहे म्हणून लिहायला बसले. कॉलेजात ऑडिटच्या पेपरला मार्क चांगले होते पण पहिल्या दिवशी सिनियर मॅडमनी खरेदीच्या बिलांच्या फायली पुढ्यात ठेवून "व्हाउचिंग कर" (म्हणजे हिशोबातली नोंद मूळ बिलाशी ताडून बघ) म्हटलं तेव्हा नक्की बघायचं काय तेच कळेना. तारीख जुळली, रक्कम जुळली की टिक, असं दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मी टिक केलेल्यातली दहा बिलं बाहेर काढली. एक बिल मालकाच्या स्वतःच्या नावावर, कंपनीच्या नाहीच. एक पुढच्या वर्षात आलेल्या मालाचं. एकाला माल मिळाल्याची पावतीच जोडलेली नव्हती. रक्कम मात्र दहाही ठिकाणी बरोब्बर! तेव्हापासून बिल हातात आलं की आधी बघते हा खर्च खरंच कंपनीचा आहे का, याच वर्षातला आहे का, मंजूर कोणी केला, योग्य खात्यात पडलाय का, आणि रक्कम सगळ्यात शेवटी. तुम्ही इंटर्नशिप केली असेल तर नक्की लिहा, कुठे अडलात, काय कळलं. आत्ता जाणाऱ्या मुलांना फार उपयोग होईल.

* * *

माझ्या मनात कायमचा राहिलेला दिवस म्हणजे वर्षअखेरीची स्टॉक मोजणी. मोजायचं काम कंपनीच्या लोकांचं, आपण ते नीट मोजतायत का ते बघायचं आणि थोडे नग स्वतः मोजून ताडून पाहायचे. मी यादी हातात घेऊन गोडाऊनभर फिरलो, यादीतली निवडलेली प्रत्येक वस्तू जागेवर सापडली, मी खूश. सर म्हणाले, आता उलटं कर, यादी बाजूला ठेव, समोर दिसेल तो माल धर आणि मग तो यादीत शोध. चार वस्तू यादीत नव्हत्याच! त्यातल्या तीन दुसऱ्याच पार्टीच्या, नुसत्या ठेवायला आलेल्या, आणि एक खरंच मोजायची राहून गेलेली. यादीवरून मालाकडे गेलं की नसलेला माल दाखवलाय का ते कळतं, मालावरून यादीकडे आलं की असलेला सुटलाय का ते कळतं, पुस्तकात हे मी पाठ केलं होतं पण समजलं तिथे उभं राहून. अजून एक, थप्पीतली मधली खोकी पण उघडायला लावा, फक्त पुढच्या रांगेवरून आत काय आहे ते कळत नाही. आणि शेवटच्या आवक-जावक चलनांचे नंबर त्याच दिवशी टिपून ठेवा, पुढे कट-ऑफ (कोणता व्यवहार कोणत्या वर्षात धरायचा ते) तपासताना त्याच्याशिवाय काही करता येत नाही.

* * *

मी ऑडिटला नव्हतो, अकाउंट्स खात्यात होतो, बँक रिको करायला, म्हणजे बँकेचं स्टेटमेंट आणि आपल्या नोंदी जुळवायला. एका महिन्यात 2,700 चा फरक, दीड दिवस शोधतोय. शेजारच्या जुन्या अकाउंटंट काकांनी नुसता आकडा ऐकला आणि म्हणाले 9 ने भाग जातोय, अंक उलटे पडलेत का बघ. खरंच 6,300 चं 3,600 झालं होतं. (प्रत्येक वेळी हेच कारण असेल असं नाही, पण शोधायला सुरुवात तिथून करावी.) फरकाचं अर्धं करून तो आकडा पण शोधायचा, कारण नावेची नोंद जमेला पडली तर फरक दुप्पट येतो. काकांनी हे सगळं मला इतक्या प्रेमाने शिकवलं, मी त्यांचा ऋणी आहे.

* * *

माझी चूक लिहिते म्हणजे दुसऱ्या कोणाची होणार नाही. ज्या पार्ट्यांकडून कंपनीला पैसे यायचे असतात त्यांना, बाकी बरोबर आहे का ते विचारायची कन्फर्मेशनची पत्रं माझ्याकडे होती. क्लायंटकडचे अकाउंटंट खूप मदत करणारे, म्हणाले द्या मी पाठवतो आणि उत्तरं पण गोळा करून देतो, आणि मी दिली. मॅडमना कळलं तेव्हा सगळी पत्रं रद्द, नवीन काढून आमच्या ऑफिसातून थेट पाठवली आणि उत्तरं आमच्याच पत्त्यावर मागवली. आठवडा गेला. त्या माणसावर कोणाचा संशय नव्हता, पण ज्याचे हिशोब तपासायचे त्याच्याच हातून पुरावा आला तर त्याला पुरावा कसं म्हणायचं? आयएसए 505 मध्ये (कन्फर्मेशनबद्दलचं ऑडिटचं आंतरराष्ट्रीय मानक) नेमकं हेच आहे, की पत्रं आणि उत्तरं ऑडिटरच्या ताब्यात राहिली पाहिजेत.

* * *

मला सहा आठवडे झेरॉक्स आणि फाइलिंगच मिळालं, खूप वाईट वाटलं. शिकायला म्हणून आलेल्या मुलाला निदान एक खातं तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत द्यावं, एवढीच विनंती आहे सिनियर लोकांना.

* * *

वरच्या दादाला, माझं पण सुरुवातीला तसंच होतं, मग मी फायली लावता लावता मागच्या वर्षीचे वर्किंग पेपर (ऑडिटरने काय तपासलं त्याच्या नोंदी) वाचायला लागले आणि रोज दोन प्रश्न लिहून संध्याकाळी विचारायचे. त्यातून पगाराचं एक छोटं काम मिळालं. मी शेवटी लिहिलं "तपासले, बरोबर आहे" आणि सरांनी ते खोडलं. किती तपासले, कसे निवडले, कोणता कागद पाहिला, ते लिही म्हणाले, हे काम कधी न पाहिलेल्या अनुभवी ऑडिटरला नुसतं वाचून कळलं पाहिजे. तीन वेळा लिहिलं तेव्हा पास झालं.

* * *

कन्फर्मेशनवाल्या ताई, उत्तरच आलं नाही तर काय करायचं? माझ्याकडे आत्ता पाच अशी आहेत.

* * *

आधी परत एकदा आठवण पाठवा. तरी नाही आलं तर वर्ष संपल्यानंतर त्या पार्टीकडून पैसे आलेत का ते बँक स्टेटमेंटमध्ये बघा, आणि ते त्याच बिलांचे आहेत ना ते जुळवा. पैसे पण आले नसतील तर बिल, ऑर्डर आणि माल पोचल्याची सही असलेलं चलन काढा. यातलं काय केलंत ते प्रत्येक पार्टीपुढे लिहून ठेवा, आणि एखादं कशानेच जुळत नसेल तर दाबून न ठेवता त्याच दिवशी सिनियरना दाखवा.